मोठी संख्या कशी उलगडायची : सोलापूरचा ४१३००१ हाताशी घेऊन

एखादी मोठी संख्या मूळ आहे का, तिचे विभाजक किती, ती दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, असा प्रश्न आला की नवखा माणूस कुठूनही सुरुवात करतो. कोणी थेट ७ ने भाग लावतो, कोणी वर्गमूळ काढत बसतो, कोणी मोबाइलवर आकडे टाकून येईल ते उत्तर उतरवून घेतो. या कामाला क्रम आहे. तो पाळला तर सहा अंकी संख्या वहीच्या दोन पानांत पूर्ण उलगडते. तीच रीत सतरा अंकी संख्येलाही चालते, फक्त तिथे साधने बदलतात.

सरावासाठी ४१३००१ घेऊ. हा सोलापूर मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड. पिनची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. सोलापूरकरांना हा आकडा पाठ असतो, त्यामुळे उतरवताना चूक होत नाही आणि सगळे लक्ष गणिताकडे राहते. पिन म्हणजे पत्ता, मोजमाप नव्हे. इथे जे गुणधर्म निघतील ते संख्येचे आहेत. त्यांवरून शहराचे किंवा माणसाचे भाकीत काढायला जाऊ नका.

काय काय लागेल

- चौकटीची वही. एका चौकटीत एकच अंक लिहायचा. निम्म्या चुका अंक एकाखाली एक न आल्याने होतात.
- पेन्सिल आणि खोडरबर.
- दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसा १२ अंकी साधा कॅल्क्युलेटर.
- २ ते २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांची यादी. ती कशी करायची ते पायरी ४ मध्ये आहे.
- पंधरा अंकांपुढे जायचे असेल तर संगणकावर पायथन किंवा पारी-जीपी हे प्रोग्राम. दोन्ही फुकट मिळतात.

सरावाला स्वतःचा आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा क्रमांक घेऊन तो अवयव काढून देणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर टाकू नका. सरावाला पिन कोड भरपूर आहेत.

१. संख्या दोन प्रकारे लिहा

आधी वाचण्यासाठी स्वल्पविराम द्या: ४,१३,००१, म्हणजे चार लाख तेरा हजार एक. मग तीच संख्या खालच्या ओळीत उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून लिहा: ४१३ | ००१. दुसरी ओळ कसोट्यांसाठी लागते. आपले स्वल्पविराम शेवटच्या तीन अंकांनंतर दोन-दोनाने पडतात, कसोट्यांचे गट मात्र शेवटपर्यंत तीन-तीनाचेच असतात. स्वल्पविरामांचेच गट धरून ४, १३ आणि १ घेतले तर पुढची ७, ११, १३ ची कसोटी सपशेल चुकते. नवख्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

अब्जापुढे नावांवर विसंबू नका. भास्कराचार्यांच्या लीलावतीत खर्व म्हणजे १०चा दहावा घात आणि परार्ध म्हणजे सतरावा. आज खर्वाचा अर्थ सगळीकडे एकच लावला जात नाही. मोठ्या संख्येच्या शेजारी “इतके अंक” अशी नोंद केलेली बरी.

२. पूर्ण वर्ग आहे का ते पाहा

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि बरेच जण ती विसरतात. पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ च येतो. अंकांची बेरीज एक अंकी होईपर्यंत करत गेलात तर १, ४, ७ किंवा ९ च उरतो. यातली एक अट जरी मोडली तर संख्या वर्ग नाही.

४१३००१ दोन्ही अटींत बसते: शेवटी १ आहे आणि बेरीज ९ आहे. तरी लगेच हुरळून जाऊ नका. या अटी “नाही” खात्रीने सांगतात, “हो” सांगत नाहीत. ६४२ चा वर्ग ४,१२,१६४ आणि ६४३ चा ४,१३,४४९. आपली संख्या त्यांच्या मध्ये पडते, म्हणजे वर्ग नाही. ही ६४२ मर्यादा वहीत कोपऱ्यात लिहून ठेवा.

३. छोट्या कसोट्या, मोठा भागाकार न करता

२ आणि ५ शेवटच्या अंकावरून जातात. शेवटी १ आहे, म्हणून दोन्ही नाहीत.

३ आणि ९: ४ + १ + ३ + ० + ० + १ = ९. म्हणून ९ ने भाग जातो.

२७ आणि ३७: तीन-तीनाचे गट मिळवा. ४१३ + १ = ४१४. कारण ९९९ = २७ × ३७, आणि १००० ला ९९९ ने भागले की बाकी १ राहते. ४१४ ला २७ ने भागले तर बाकी ९, ३७ ने भागले तर बाकी ७. म्हणजे दोन्ही नाहीत. इथे एक सापळा आहे. अंकांची बेरीज २७ आली म्हणजे २७ ने भाग जातो असे नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागले की बाकी ९ उरते. अंकांच्या बेरजेची कसोटी ९ पर्यंतच आहे, त्यापुढे ती लागू नाही.

७, ११ आणि १३: गटांची आलटून पालटून वजाबाकी. ४१३ − १ = ४१२. कारण १००१ = ७ × ११ × १३. एकाच वजाबाकीत तीन कसोट्या होतात. ४१२ ला ७ ने भागले तर बाकी ६, ११ ने ५ आणि १३ ने ९. तिघांनीही भाग जात नाही. गट तीन किंवा जास्त असतील तर उजवीकडच्या पहिल्या गटाला अधिक, पुढच्याला उणे, त्यापुढच्याला पुन्हा अधिक असे चिन्ह द्या.

आता ९ लगेच बाहेर काढा:

४१३००१ ÷ ९ = ४५८८९

४५८८९ च्या अंकांची बेरीज ३४, म्हणजे पुन्हा ३ ने जात नाही. बाहेर काढलेला अवयव परत एकदा तपासायचाच. ९ काढून झाले की ३ चा विषय संपला असे धरून चालल्याने २७ च्या पटीतल्या संख्या फसवतात.

४. कुठे थांबायचे ते आधी ठरवा

संख्या संयुक्त असेल तर तिचा सर्वांत लहान मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. ४१३००१ वरच काम चालू ठेवले असते तर ६४२ पर्यंतच्या ११६ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. ९ काढल्यावर ४५८८९ उरले. २१४ चा वर्ग ४५,७९६ आणि २१५ चा ४६,२२५. म्हणजे मर्यादा २१४ वर आली आणि यादी ४७ संख्यांची झाली. लहान अवयव सापडताच बाहेर काढायचा तो यासाठी. मर्यादा दर वेळी नव्याने काढा, जुनीच पुढे ओढू नका.

यादी करायला २ ते २१४ चौकटीत लिहा आणि २, ३, ५, ७, ११, १३ च्या पटी खोडा (त्या संख्या स्वतः ठेवायच्या). १७ चा वर्ग २८९, तो २१४ च्या पुढे जातो, म्हणून १७ च्या पटी वेगळ्या खोडाव्या लागत नाहीत. उरलेल्या मोजा. ४७ आल्या नाहीत तर काहीतरी राहिले आहे. मूळ भासणाऱ्या पण नसलेल्या बहुतेक वेळा याच असतात: ९१, ११९, १३३, १४३, १६१, १८७, २०३, २०९. शेवटची ११ × १९ आहे आणि ती हमखास यादीत राहून जाते.

५. भाग लावत जा, बाकी लिहीत जा

१७ पासून पुढे एकेका मूळ संख्येने ४५८८९ ला भागा. प्रत्येकाची बाकी लिहा. “नाही” एवढेच लिहून पुढे गेलात तर चूक शोधायला काहीच उरत नाही. वहीचा हा तुकडा असा दिसेल:

९७ × ४७३ = ४५८८१, बाकी ८
१०१ × ४५४ = ४५८५४, बाकी ३५
१०३ × ४४५ = ४५८३५, बाकी ५४
१०७ × ४२८ = ४५७९६, बाकी ९३
१०९ × ४२१ = ४५८८९, बाकी ०

यादीतल्या एकोणतिसाव्या मूळ संख्येवर काम झाले.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढताना एक गोष्ट सांभाळा. ४५८८९ ला १०७ ने भागले की पडद्यावर ४२८.८६९१५८… येते. काही जण ४२८ वजा करून उरलेला दशांश १०७ ने गुणतात आणि ९२.९९९… दिसले की बाकी ९२ लिहितात. खरी बाकी ९३ आहे. त्यापेक्षा पूर्णांक भाग घ्या, ४२८ × १०७ करा आणि ४५८८९ मधून वजा करा. दोन बटणे जास्त दाबावी लागतात, पण उत्तर चुकत नाही.

अवयव सापडला की ताळा घ्या. नवाचा ताळा (अंकांची बेरीज एक अंकी होईपर्यंत करायची): ४५८८९ चा ७, १०९ चा १, ४२१ चा ७, आणि १ × ७ = ७. जुळले. पण नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल दिसत नाही. ४५८८९ ऐवजी ४५८९८ लिहिले तरी तो जुळतोच. म्हणून अकराचाही ताळा घ्या. उजवीकडून अधिक-उणे करत गेले की ४५८८९ चे ८, १०९ चे १० आणि ४२१ चे ३ येतात. १० × ३ = ३०, त्याला ११ ने भागून बाकी ८. हाही जुळला. दोन्ही ताळे जुळले की पुढे जायला हरकत नाही.

सगळे मिळून:

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

अवयवीकरणाची दुसरीही एक रीत आहे, संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडण्याची. ४५८८९ साठी ती २१५ पासून सुरू होऊन २६५ वर थांबते (२६५ चा वर्ग वजा १५६ चा वर्ग), म्हणजे ५१ पायऱ्या. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ती फायद्याची. १०९ आणि ४२१ एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून इथे सरळ भागाकार बरा पडला.

६. उरलेला अवयव मूळ आहे याची खात्री

४२१ वेगळा तपासावा लागत नाही. १०९ च्या आधीच्या एकाही मूळ संख्येने ४५८८९ ला भाग गेला नाही, म्हणून ४२१ लाही जाणार नाही, आणि ४२१ हा १०९ च्या वर्गाहून कितीतरी लहान आहे. म्हणजे तो मूळच. हे कारण वहीत एका ओळीत लिहा.

मोठ्या संख्यांना भागाकार पुरत नाही. तिथे फर्माची कसोटी येते: प ही विषम मूळ संख्या असेल तर २ चा (प − १) वा घात प ने भागल्यावर बाकी १ राहते. एवढा मोठा घात लिहून काढायचा नसतो. घातांक निम्मा करत खाली जायचे आणि वर्ग करत वर यायचे, प्रत्येक पायरीला बाकीच तेवढी ठेवायची. १०९ साठी घातांक १०८, ५४, २७, १३, ६, ३ असे उतरतात. आता वर चढा:

३ रा घात: ८
६ वा: ८ × ८ = ६४
१३ वा: ६४ × ६४ × २ = ८१९२, बाकी १७
२७ वा: १७ × १७ × २ = ५७८, बाकी ३३
५४ वा: ३३ × ३३ = १०८९, बाकी १०८
१०८ वा: १०८ × १०८ = ११६६४, बाकी १

घातांक विषम असेल तिथे वर्ग करून पुन्हा २ ने गुणायचे असते. इथे १३ आणि २७ ला ते केले आहे. हा जादा २ विसरला की पुढचे सगळे बिघडते.

बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर मात्र ती मूळच आहे असे म्हणता येत नाही. ३४१ म्हणजे ११ × ३१, तरी २ च्या कसोटीत ती पास होते. ५६१ म्हणजे ३ × ११ × १७, आणि तिच्याशी सहमूळ असलेला (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेला) कोणताही पाया २ च्या जागी घेतला तरी ती पास होते. म्हणून संगणकावर मिलर-राबिनची कसोटी वापरतात, ती फर्माच्या कसोटीचेच अधिक कडक रूप. ३,२१,५०,३१,७५१ हून लहान विषम संख्येसाठी २, ३, ५, ७ हे चार पाये पुरतात आणि उत्तर पक्के असते. २ च्या ६४ व्या घातापर्यंत ३७ पर्यंतचे बारा मूळ पाये पुरतात.

७. विभाजकांचा तक्ता

अवयव हाती आले की बाकीचे गुणधर्म आपोआप निघतात. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असतो तसा तक्ता मांडा: उभ्या बाजूला १, ३, ९, आणि वर १, १०९, ४२१, ४५८८९.

१ च्या ओळीत: १, १०९, ४२१, ४५८८९
३ च्या ओळीत: ३, ३२७, १२६३, १३७६६७
९ च्या ओळीत: ९, ९८१, ३७८९, ४१३००१

विभाजक बारा. न मोजताही येतात: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा, ३ × २ × २ = १२. जोड्या लावून तपासा. १ × ४१३००१, ३ × १३७६६७, ९ × ४५८८९, १०९ × ३७८९, ३२७ × १२६३, ४२१ × ९८१. सहाही गुणाकार ४१३००१ येतात. एखादा विभाजक जोडीशिवाय राहिला तर एकतर तक्त्यात चूक आहे किंवा संख्या पूर्ण वर्ग आहे.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + १०९) × (१ + ४२१) = १३ × ११० × ४२२ = ६,०३,४६०. यातून संख्या स्वतः वजा केली की १,९०,४५९ उरतात. हे ४,१३,००१ हून कमी, म्हणजे विभाजकांची बेरीज संख्येला पुरत नाही. अगदी पुरली तर संख्या परिपूर्ण, ६ किंवा २८ सारखी. बेरीज करताना संख्या स्वतः वजा करायला विसरणे ही इथली नेहमीची चूक.

४१३००१ पर्यंतच्या तिच्याशी सहमूळ संख्या: ३ × २ × १०८ × ४२० = २,७२,१६०. वर्गातल्या ३ साठी ३ × २ घ्यायचे, २ × २ नाही.

कारखान्यात याचा साधा उपयोग असा. इतके टॉवेल डझनाने बांधायला घेतले तर ३४,४१६ डझन होऊन ९ उरतील, कारण संख्येला ३ ने भाग जातो पण ४ ने बाकी १ राहते. तीन टॉवेल वाढवले की ४१३००४ होतात आणि सगळे डझनांत बसतात. ते ३४,४१७ डझन पुन्हा १२७ × २७१ आहेत.

८. दोन वर्गांची बेरीज

इथे घाई करू नका, कारण ४१३००१ चा सर्वांत देखणा गुण इथेच दिसतो.

नियम असा: ४ ने भागल्यावर बाकी ३ राहणारे जे मूळ अवयव असतील, त्या प्रत्येकाचा घातांक सम असला पाहिजे. तसा असेल तरच संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते. आपल्याकडे तसा अवयव फक्त ३, आणि त्याचा घातांक २. १०९ आणि ४२१ ला ४ ने भागले की बाकी १. म्हणजे मांडता येते.

आधी लहान अवयव मांडा. १०९ = १० चा वर्ग + ३ चा वर्ग. ४२१ साठी मोठ्या वर्गापासून खाली या: ४०० काढले तर २१, ३६१ काढले तर ६०, ३२४ काढले तर ९७, २८९ काढले तर १३२, २५६ काढले तर १६५, २२५ काढले तर १९६. हा १४ चा वर्ग. म्हणून ४२१ = १५ चा वर्ग + १४ चा वर्ग.

आता दोन्ही जोडायला ब्रह्मगुप्ताची रीत आहे. त्याचा ब्राह्मस्फुटसिद्धान्त इ.स. ६२८ चा. (१०, ३) आणि (१५, १४) या जोड्या घ्या:

१० × १५ − ३ × १४ = १०८, आणि १० × १४ + ३ × १५ = १८५
१० × १५ + ३ × १४ = १९२, आणि १० × १४ − ३ × १५ = ९५

१०८ आणि १८५ च्या वर्गांची बेरीज ११,६६४ + ३४,२२५ = ४५,८८९. १९२ आणि ९५ ची ३६,८६४ + ९,०२५ = ४५,८८९. उरलेल्या ९ साठी सगळ्यांना ३ ने गुणा (९ ने नव्हे, कारण वर्ग केला की ३ चे ९ होतात):

४१३००१ = ५५५ चा वर्ग + ३२४ चा वर्ग = ३,०८,०२५ + १,०४,९७६
४१३००१ = ५७६ चा वर्ग + २८५ चा वर्ग = ३,३१,७७६ + ८१,२२५

दोन वेगवेगळे मार्ग, आणि याहून तिसरा नाही. अंदाजाने वर्ग वजा करत बसले असते तर शेकडो वेळा वर्गमूळ काढावे लागले असते. अवयव हाती असल्यामुळे काम चार गुणाकारांत झाले.

९. अंकांवरून निघणारे गुण

हे गुण दशमान लिहिण्यावर अवलंबून असतात, म्हणून वेगळ्या पानावर ठेवा. देवळालीला शिक्षक असलेले द. रा. कापरेकर या प्रांतातले मोठे नाव. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. ४१३००१ ची बेरीज ९ आणि तिला ९ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद.

त्यांच्याच स्वयंभू संख्येची तपासणी थोडी मेहनतीची आहे. एखादी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या तयार होते का ते बघायचे. कशातूनच झाली नाही तर ती स्वयंभू. इथे बेरीज ९ च्या पटीतच असावी लागते, त्यामुळे मागे ९, १८, २७, ३६ एवढेच तपासायचे. ४१२९९२ ची बेरीज २७, हवी होती ९. ४१२९८३ ची २७, हवी १८. ४१२९७४ ची २७, हवी २७. जुळले: ४१२९७४ + २७ = ४१३००१. म्हणजे स्वयंभू नाही.

द्विमान रूपासाठी २ ने भागत जा आणि बाक्या खालून वर वाचा: ११००१००११०१०१००१००१. एकूण १९ अंक, त्यात नऊ १. वरून खाली वाचणे हाच इथला एकमेव सापळा.

१०. पंधरा अंकांपुढे

१२३४५६७८९८७६५४३२१ घ्या. सतरा अंक, दोन्हीकडून सारखी. हीच संख्या एक्सेलच्या चौकटीत टाइप करा. शेवटचे २१ जाऊन ०० होतात, कारण एक्सेल पंधराच सार्थ अंक ठेवते. मग २ ने आणि ५ ने भाग जातो असे खोटेच उत्तर मिळते आणि पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही. ब्राउझरमधल्या साध्या गणितातही २ च्या ५३ व्या घातानंतर प्रत्येक पूर्ण संख्या अचूक राहत नाही. तिथे शेवटचा १ जाऊन ० येतो.

पायथनमध्ये पूर्ण संख्येला अंकांची अशी मर्यादा नाही, पण भागाकाराला एक तिरकी रेघ दिली की उत्तर दशांशात जाते आणि अंक गळतात. दोन तिरक्या रेघा द्या, बाकीसाठी टक्क्याचे चिन्ह. वर्गमुळासाठीही पूर्णांकांचे वेगळे फलन आहे, तेच वापरा. आकडे देवनागरीत थेट लिहिले तर प्रोग्राम चूक दाखवतो. अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून देऊन संख्येत बदलले तर चालतात.

आता क्रम तोच. पायरी २ लाच फळ मिळते: ही १११११११११ चा वर्ग आहे. म्हणून सतरा अंकी संख्येचे अवयव न काढता नऊ अंकीचे काढायचे. गट १११ + १११ + १११ = ३३३, म्हणून ३७ ने भाग जातो. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नेही. उरतो ३३३६६७. त्याची मर्यादा ५७७, आणि तो मूळ निघतो. वर्ग करताना घातांक दुप्पट: ३ चा चौथा घात, ३७ चा दुसरा, ३३३६६७ चा दुसरा. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. संख्या वर्ग असल्याने ते विषम आले.

या रीतीलाही मर्यादा आहे. दोन मोठे मूळ अवयव असलेली २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या फोडायला २०२० साल उजाडले, तेही असंख्य संगणक एकत्र लावून. मूळ आहे का हे ओळखणे त्या मानाने खूप सोपे असते, अवयव शोधणे अवघड. दोन्ही कामे सारखीच समजू नका.

सरावासाठी तीन संख्या

पंढरपूर ४१३३०४: शेवटचे तीन अंक ८ ने भागून पाहा. उत्तर ८ × ३ × १७ × १०१३. विभाजक ३२, त्यांची बेरीज १०,९५,१२०. संख्या वजा केली तर ६,८१,८१६, म्हणजे इथे बेरीज संख्येहून जास्त भरते. ३ एकदाच आहे, म्हणून दोन वर्गांत मांडता येत नाही.

बार्शी ४१३४०१: २ पासून ३१ पर्यंत काहीच लागत नाही, पण गटांची बेरीज ८१४ करून पाहा. ती ३७ × २२ आहे. उत्तर ३७ × १११७३. दुसरा अवयव मूळ आहे हे सिद्ध करायला मर्यादा १०५ पुरते.

अक्कलकोट ४१३२१६: २ चा पाचवा घात × ३७ × ३४९. ३७ साठी (६, १), ३४९ साठी (१८, ५), ३२ साठी (४, ४) घेऊन ब्रह्मगुप्ताची रीत दोनदा लावा. एका वाटेने ५०० आणि ४०४ चे वर्ग मिळाले पाहिजेत, दुसऱ्या वाटेने ६०४ आणि २२० चे.